रबरी बटणांचे भक्त

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-९९/४ए या कॉम्प्युटरमध्ये १९८१ साली १६ बिटांचा प्रोसेसर होता. त्या वेळचे बहुतेक घरगुती कॉम्प्युटर ८ बिटांवर भागवत होते. रंग बरे, आवाज बरा, आणि कंपनी तर स्वतःच चिप बनवणारी. तरीही आज जुन्या कॉम्प्युटरांचे वेडे एका खोलीत जमवले, तर टीआयवाला एखादाच निघेल. सिंक्लेर स्पेक्ट्रमवाले मात्र खुर्च्या कमी पडाव्यात इतके. स्पेक्ट्रमची बटणं रबरी होती. शिळा बांगडा बोटानं दाबून बघावा, तशी ती दबायची.

म्हणजे चांगुलपणाचा आणि भक्तीचा संबंध नाही, हे उघड आहे. मग कशाचा आहे?

स्पेक्ट्रम १९८२ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडात आला. १६ के (किलोबाइट) मेमरीचा १२५ पौंडांना, ४८ के चा १७५ ला. स्वस्तात बसवायचं म्हणून जिथे हात आखडता घेता येईल तिथे घेतलेला. पडद्यावर २५६ गुणिले १९२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला आठांपैकी हवा तो रंग द्यायचा तर नुसत्या चित्रालाच १८,४३२ बाइट लागले असते, आणि १६ के च्या यंत्रात एकूण जागाच १६,३८४. तेव्हा त्यांनी ठिपके वेगळे ठेवले आणि रंग आठ बाय आठच्या चौकोनाला एकदाच दिला. एका चौकोनात दोनच रंग. सगळं चित्र ६,९१२ बाइटांत बसलं. पण हिरवा माणूस लाल झाडासमोरून गेला की झाड हिरवं व्हायचं, नाहीतर माणूस लाल. खेळ लिहिणाऱ्यांनी यावर नाना युक्त्या काढल्या: कुणी अख्खा खेळ एकाच रंगात केला, कुणी माणसाला चौकोन धरूनच चालायला लावलं. आज स्पेक्ट्रमचा भक्त भेटला तर तो वेगाबद्दल किंवा मेमरीबद्दल बोलत नाही. या सांडलेल्या रंगाबद्दल बोलतो, आणि तेही कौतुकानं.

टीआयवाल्यांना अशी युक्ती लढवायची सोयच नव्हती. प्रोग्रॅम आपणच विकायचे असा कंपनीचा हट्ट, बाहेरच्यांना आतली माहिती द्यायला हात आखडलेला. १९८३ च्या अखेरीस किमतीच्या लढाईत मार खाऊन कंपनीनं तो धंदाच सोडला. पाठीमागे राहिलेल्यांना यंत्र होतं, पण त्याची किल्ली नव्हती.

माझा स्वतःचा पुरावा गोव्यातल्या आमच्या डिचोलीतला आहे. मामा कुवेतला होता. सुट्टीवर येताना त्यानं एमएसएक्स जातीचा कॉम्प्युटर आणला. जपानात बनलेला, ‘सख्र’ या कुवेती नावानं विकला जाणारा, बटणांवर इंग्रजीबरोबर अरबी अक्षरं. आजी त्याला हात लावण्याआधी पदराला हात पुसायची, हे त्या अक्षरांमुळे की किमतीमुळे ते कळलं नाही. एमएसएक्सची कल्पना कागदावर फारच शहाणी होती. १९८३ साली ठरलेलं एक प्रमाण, अनेक कंपन्यांनी ते पाळायचं, एकाची कार्ट्रिज, म्हणजे खेळ भरलेली खोचायची डबी, दुसऱ्याला चालायची. मामा म्हणाला, “अरे, जपानी आहे, मोडायचं नाही.” आणि खरंच ते मोडलं नाही. त्यामुळे ते कुणी उघडलंही नाही. गावात दुसरं एमएसएक्स नव्हतं, म्हणजे माझी कार्ट्रिज चालवायला जागा नाही आणि दुसऱ्याची मला मिळण्याचा प्रश्न नाही.

शेजारच्या घरी मात्र स्पेक्ट्रम होता. तिथल्या पोरांचे वडील बोटीवर कामाला. स्पेक्ट्रमचे खेळ साध्या कॅसेटवर यायचे, आणि कॅसेट म्हटली की दोन डेकचा टेपरेकॉर्डर आणि भजनाची एखादी बिनकामाची टेप एवढंच भांडवल. इंग्रजी ‘J’ चं बटण दाबायचं, की पडद्यावर आपोआप ‘लोड’ हा शब्द उमटायचा. मग पाच मिनिटं किंचाळल्यासारखा आवाज आणि कडेला निळेपिवळे पट्टे. पावसाळ्यात टेपला बुरशी यायची, चौथ्या मिनिटाला सगळं कोसळायचं. मग कुणीतरी बारीक स्क्रूड्रायव्हरनं टेपच्या हेडचा स्क्रू अर्धा फेरा फिरवायचं, पुन्हा पट्टे. आम्ही चार-पाच पोरं ते पट्टे बघत बसायचो. खेळापेक्षा त्या बसण्याचे आम्ही भक्त आहोत, असा मला दाट संशय आहे.

पण एवढ्यानं भागत नाही. मोरजीला थंडीत राहायला येणाऱ्या एका रशियन गृहस्थाशी बोलताना कळलं की तोही स्पेक्ट्रमवाला. सोव्हिएत देशात सिंक्लेरनं हे यंत्र अधिकृतपणे विकलंच नव्हतं. तिथल्या लोकांनी त्याच्या नकला केल्या. ‘लेनिनग्राद’, ‘पेंटागॉन’ अशी त्यांची नावं. मूळ यंत्रातली खास बनवलेली चिप मिळत नाही म्हणून तिचं काम साध्या, बाजारात मिळणाऱ्या चिपांकडून करून घेतलं. यानं स्वतःचं यंत्र स्वयंपाकघराच्या टेबलावर डागून जोडलेलं. त्याच्यापुढे माझी भक्ती म्हणजे सप्ताहाला एका संध्याकाळी हजेरी लावून प्रसाद घेऊन येण्याइतकी.

कमोडोर कंपनीच्या अमिगा कॉम्प्युटरवाल्यांचा पंथ वेगळा. त्यांचं यंत्र १९८५ च्या मानानं खरोखरच अचाट होतं, आणि कमोडोर कंपनी १९९४ ला दिवाळ्यात निघाली. तेव्हापासून त्यांना एकच सांगायचं आहे: आम्ही हरलो नाही, आम्हाला हरवलं. आमच्या गोव्यात निवडून आलेला आमदार पक्ष बदलतो. अमिगावाला पडलेल्या पक्षात तीस वर्षं आहे.

बीबीसी मायक्रो हा कॉम्प्युटर इंग्लंडात लाडका, आणि त्याच्याच घराण्यातून पुढे आपल्या मोबाइलमधला एआरएम प्रोसेसर निघाला. भारतात बीबीसी मायक्रो १९८४ च्या ‘क्लास’ योजनेतून निवडक शाळांत आला. ज्यांनी पाहिला ते सांगतात: चपला बाहेर, खोलीत एसी, यंत्रावर प्लॅस्टिकचं झाकण, आठवड्याला एक तास आणि एका यंत्रापुढे सहा मुलं. अशानं आदर वाटतो. पण ज्याला चपला घालून, तोंडात भजी ठेवून हात लावता आला नाही, त्याचं वेड कसं लागणार?

आणि सगळ्यात कीव येते ती अ‍ॅमस्ट्रॅड पीसीडब्ल्यू या कॉम्प्युटरची. १९८५ साली प्रिंटरसकट ३९९ पौंड, आत स्पेक्ट्रममध्ये होता तोच झेड-८० जातीचा प्रोसेसर. लाखांनी खपला. लोकांनी त्यावर पत्रं लिहिली, हिशेब केले, पुस्तकं टंकली. काही अडलं नाही, काही उघडावं लागलं नाही, शेजाऱ्याकडे काही मागायला जावं लागलं नाही. पुढचा कॉम्प्युटर आला, तेव्हा त्यांनी तो माळ्यावर टाकला आणि प्रिंटरची रिबन कुठे मिळेल याची चौकशीसुद्धा केली नाही.