वहीतले दुसरे अक्षर

आज डॉक्टरांनी निदान सांगितले: डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर, म्हणजे एकाच माणसात वेगवेगळी व्यक्तिमत्त्वे आलटूनपालटून वावरणे, ज्याला मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात १९९४ पर्यंत ‘मल्टिपल पर्सनॅलिटी’ म्हणत आणि आपल्याकडे लोक ‘अंगात येते’ म्हणून मोकळे होतात. बहुतेकदा लहानपणीच्या वारंवार झालेल्या आघातांतून स्मृतीचे असे कप्पे पडतात, हे ऐकताना मला वाणसामानाच्या यादीची वही आठवली, जिच्यात ‘साखर एक किलो’ माझ्या अक्षरात आहे आणि त्याखालची ‘शेंगदाण्याची चिक्की’ डावीकडे कललेल्या, अनोळखी अक्षरात. इतकी वर्षे मी त्याला विसराळूपणा म्हणत आले. नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, मानसोपचार दीर्घकाळ चालतील. खरे सांगायचे तर भीतीपेक्षा हायसेच अधिक वाटले. येताना चिक्की घेतली. ती नेमकी कोणाला आवडते, ते मला अजून ठाऊक नाही.