सिमेंटखालचं १८५६

हातोड्याच्या पहिल्याच टोल्याला गिलावा पोकळ वाजला. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि पहारीचं टोक कडेला लावून जरासा जोर दिला. सिमेंटचा हातभर पोपडा जमिनीवर आला. मागे दगड होता, पण बोट लावलं तर बोट आत जात होतं.

काँद-सँ-मार्तँ नावाचं हे गाव फ्रान्समध्ये, व्हिएन नदी ल्वारला मिळते त्या संगमावर आहे. वस्ती दोनशेच्या आसपास. सगळी घरं पांढऱ्या दगडाची आणि वर काळ्या पाटीच्या दगडाची छपरं. शेजारच्या मोंसोरो गावाशी ते इतकं चिकटलेलं आहे, की काँद आणि मोंसोरोच्या मध्ये ना गाय चरते ना वासरू, अशी तिकडे म्हणच आहे. जुन्या दगडी बांधकामांची दुरुस्ती हे माझं काम, आणि ते शिकण्यासाठीच मी त्या भागातल्या एका पाथरवटाच्या, म्हणजे या मिस्त्रींच्या, हाताखाली राबत होते. त्या दिवशी नदीकडच्या गल्लीतल्या एका जुन्या घराची भिंत उघडायची होती. घरमालकीण आजी खुर्ची टाकून समोरच बसल्या होत्या.

माझा हात बसलेला आपल्या काळ्या पाषाणावर. वाडे, घाट, देवळांची जोती. तिथला दगड छिन्नीला सहजी दाद देत नाही. इथला त्युफो म्हणजे सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा चुनखडक. अभ्रकाचे बारीक कण त्यात चमकतात, आणि घनफळातली जवळपास निम्मी जागा पोकळ असते. खाणीतून ताजा काढला की हातकरवतीने कापता येतो. हवा लागली की वरचा पापुद्रा हळूहळू कठीण होतो. मिस्त्रींनी चांगल्या दगडावर पाण्याचा थेंब सोडला. बघता बघता तो आत जिरला. असा दगड जमिनीतली ओल वर खेचतो आणि अंगावाटे बाहेर टाकतो. चुन्याचा गिलावा त्याला तसं करू देतो. सिमेंट वाट अडवतं, मग क्षार आतच साठतात आणि दगडाचं पीठ होतं. आपल्याकडे विटांच्या जुन्या भिंतींना असाच लोणा लागतो आणि आपणही त्यावर सिमेंटच थापतो, हे मला तिथे राहून राहून आठवत होतं. चुना जाणणारे गवंडी आपल्याकडे अजून आहेत. त्यांना कामावर बोलावणारे कमी झालेत.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री मला चर्चमध्ये घेऊन गेले. चर्च म्हणजे गावाच्या मानाने अवाढव्य प्रकरण. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधायला घेतलेलं, पंधराव्या शतकात वर किल्ल्यासारखे चर्ये चढवलेलं. उत्तरेच्या दारमंडपात उभं राहून मी कितीतरी वेळ वर पाहत होते: सगळ्या कमानींचा भार मधल्या एकाच बारीक खांबावर येतो. बोट आत जाईल अशा दगडाच्या जातीचा खांब, आणि आठशे वर्षं उभा. दगड मऊ म्हणून कमी प्रतीचा, हा माझ्या मनातला समज त्या खांबाने कायमचा काढून टाकला.

एवढं मोठं चर्च इथे का, त्याचं उत्तर इ. स. ३९७ मध्ये आहे. तूर शहराचे बिशप मार्टिन त्या नोव्हेंबरात याच गावी वारले. रोमन सैन्यात असताना थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला अर्धा झगा कापून देणारे ते हेच. देहावरून वाद पेटला. प्वातिए शहराचे लोक म्हणाले, ते आधी आमचे साधू. प्वातिएजवळच्या लिग्युजेला त्यांनी मठ काढला होता. तूरचे म्हणाले, ते आमचे बिशप. रात्री प्वातिएवाल्यांना झोप लागली तशी तूरवाल्यांनी खिडकीतून देह बाहेर काढला, होडीत ठेवला, आणि व्हिएनमधून ल्वारला लागून स्तोत्रं गात तूर गाठलं. चर्चच्या एका रंगीत काचेत हा खिडकीचा प्रसंग आहे. ही हकिकत सहाव्या शतकात लिहून ठेवली ग्रेगरीने, आणि तो स्वतः तूरचा बिशप होता. म्हणजे जिंकलेल्या बाजूची कथा. मला मात्र तिच्यात नकाशा दिसला. व्हिएनच्या अंगाने वर गेलं की प्वातिएची वाट, ल्वारच्या अंगाने वर गेलं की तूर. दोन्ही दावेदार समोरासमोर येणार ते संगमावरच.

हा संगमच गावाचं पोट होता. सपाट तळाच्या होड्या पश्चिमेच्या वाऱ्यावर चौकोनी शीड लावून प्रवाहाविरुद्ध वर जायच्या आणि येताना प्रवाहाबरोबर खाली यायच्या. खालच्या अंगाच्या आंजे शहराकडची छपराची पाटी वर यायची, त्युफो आणि दारू खाली जायची. १८४० च्या दशकात ल्वारच्या खोऱ्यात रेल्वे आली आणि हा धंदा थोड्याच वर्षांत बसला.

दुपारनंतर खिडकीखालचं सिमेंट काढताना मला दगडावर एक आडवी रेघ दिसली. आधी वाटलं सांधा असेल. मऊ ब्रशने पीठ झाडलं तर रेघेच्या वर आकडे उमटले: १८५६. माझ्या खांद्याच्या उंचीवर. मिस्त्रींनी हातातली छिन्नी खाली ठेवली. आजी उठून जवळ आल्या. त्या घरात आयुष्य काढूनही त्यांनी ती रेघ कधी पाहिली नव्हती.

मला समजावून सांगायची कुणाला गरज पडली नाही. मी शिरोळ तालुक्यातली. नरसोबाच्या वाडीला कृष्णा फुगली की पंचगंगेचं पाणी तुंबतं, हे आम्ही लहानपणापासून बघतो. ल्वारला १८४६, १८५६ आणि १८६६ असे दहा-दहा वर्षांच्या अंतराने तीन प्रचंड पूर आले. त्यातल्या मधल्या पुराची ही रेघ, पाणी ओसरल्यावर कुणीतरी घरातल्याच माणसाने कोरलेली असावी. अक्षर कसबी पाथरवटाचं नव्हतं. पाचाचा आकडा पुन्हा गिरवलेला दिसत होता.

आता पेच असा, की तो दगड आजारी होता. एरवी असा दगड खोलवर कापून काढतात आणि त्याच मापाचा नवा बसवतात. आजींनी विचारलं, "नव्यावर तेच कोरून द्याल का?" मिस्त्री म्हणाले, "मॅडम, ते माझं अक्षर होईल, त्यांचं नाही." मला त्यांचं म्हणणं अर्धंच पटलं. चर्चचे कितीतरी दगड बदललेत, त्याने चर्च खोटं ठरत नाही. पण पूररेषेची किंमत तिच्या पातळीत असते. दगड चार बोटं वरखाली झाला की ती रेघ खोटं बोलायला लागते.

आणि तिथे त्यासाठी कायदा आहे. २००३ पासून आपल्या हद्दीतल्या जुन्या पूरखुणांची नोंद करणं आणि त्या जपणं ही तिथल्या महापौरांची जबाबदारी आहे. दोनशे वस्तीच्या गावालाही महापौर असतो. हे ऐकून माझ्या पोटात कालवलं. आमच्याकडे २००५ आणि २०१९ च्या पुरानंतर लोकांनी भिंतींवर ऑइलपेंटने रेघा मारल्या होत्या. माझ्या ओळखीच्या कितीतरी भिंतींवर त्यातली एकही उरलेली नाही; दिवाळीच्या रंगाखाली गेल्या. त्या रेघांवरून नवं घर कुठे बांधू नये ते शाळकरी पोरालाही सांगता आलं असतं.

आम्ही लेव्हल लावून रेघेची उंची उंबऱ्यापासून मोजली, फोटो काढले आणि गावच्या कार्यालयात कळवलं. ठरलं ते असं: खुणेचा दगड हलवायचा नाही. खालचे दोन मेलेले दगड टेकू देऊन एकेक बदलायचे, सांधे चुन्याने भरायचे, आणि गिलावा खुणेच्या दगडाच्या कडेला थांबवायचा, म्हणजे तो उघडा राहून सुकेल. गिलाव्याला मात्र वसंतापर्यंत हात लावायचा नाही, कारण ओला चुना कडाक्याच्या थंडीत सापडला तर फुटतो. तोवर आजींनी ती बाजू ताडपत्रीने झाकायची, पण खालून हवा खेळेल इतकी मोकळी ठेवून.