काखेतला जकात नाका

"मॅडम, काखेत उतरलंय का?" स्तनाच्या कॅन्सरच्या बाईला एवढंच हवं असतं. हे विचारतात सर्जनला. मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारी, रुग्णाची आणि माझी गाठ पडते ती फॉर्मलिनच्या डबीतच.

स्तनातला लसिकाद्रव (लिम्फ) काखेतल्या ज्या ग्रंथीत सगळ्यात आधी पोचतो, ती सेंटिनल नोड. सर्जन निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून ती हुडकतात. मी तिला जकात नाका म्हणते. पुढे जाणारा माल बहुधा इथूनच जातो. तिच्यात सापडलेला कॅन्सरच्या पेशींचा पुंजका २ मिलिमीटरपेक्षा मोठा असेल तर मॅक्रो, ०.२ ते २ असेल तर मायक्रो. मॅक्रो सहसा सुटत नाही. घात करतो तो मायक्रो.

सहा वर्षांपूर्वी माझाही केला. शुक्रवारची संध्याकाळ, ट्रे संपत आलेला. ग्रंथीच्या कडेला काही फिकट पेशी दिसल्या, हिस्टिओसाइट्स, म्हणजे ग्रंथीतल्या नेहमीच्या निरुपद्रवी पेशी असतील म्हणून 'निगेटिव्ह' लिहून उठले. रात्री जेवताना त्या काही डोळ्यांसमोरून हलेनात. सकाळी सही करण्याआधी कॅन्सरच्या अशा पेशी तपकिरी रंगवून दाखवणारा सायटोकेरॅटिनचा स्टेन मागवला, तर चक्क तपकिरी पुंजका! जेमतेम ०.६ मिलिमीटर. रिपोर्ट बाहेर पडला नव्हता, म्हणून आज हे लिहू धजते.

त्यामुळे नेदरलँड्समधल्या 'कॅमेलिऑन १६' स्पर्धेचा २०१७ चा शोधनिबंध वाचताना मला अजिबात राग आला नाही. सेंटिनल नोडच्या स्लाइड्समधला कॅन्सर हुडकण्यात संगणकाच्या अल्गोरिदमने डॉक्टरांना हरवलं, असं त्यात होतं. निवडक १२९ स्लाइड्स, अकरा पॅथॉलॉजिस्ट, घड्याळ लावून. फक्त मायक्रो असलेल्या स्लाइड्सपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त त्यांच्यातल्या सर्वोत्तम डॉक्टरकडूनही सुटल्या. सर्वोत्तम अल्गोरिदमचा एयूसी (अचूकतेचा आकडा, १ म्हणजे पैकीच्या पैकी) ०.९९४, डॉक्टरांचा सरासरी ०.८१०. पण गंमत पुढे आहे. एका पॅथॉलॉजिस्टला वेळेचं बंधन नव्हतं. तिथे तीस तास लागले आणि आकडा आला ०.९६६. म्हणजे हरवलं ते बरंचसं घड्याळाने. अर्थात माझ्या टेबलावरही घड्याळच आहे, तीस तास मला कोण देणार?

म्हणून मला मशीन हवं आहे, शुक्रवारी संध्याकाळी तर नक्कीच. त्याने संशयाची जागा रंगवून दाखवावी, नाव मी देईन. स्लाइड स्कॅनर आमच्याकडे अजून नाही. एकेका स्लाइडची फाइल जीबीत जाते, ती ठेवायची कुठे हा निराळाच वैताग.

ग्रॉसिंगबद्दल, म्हणजे स्लाइड बनवण्याआधी ग्रंथी हाताने कापण्याबद्दल, मात्र कुणी बोलत नाही. स्कॅनरला दिसते ती काचेवरची काही मायक्रॉनची चकती. ग्रंथी २ मिलिमीटरच्या फोडींत नीट कापली नाही, एखादी फोड जाड राहिली, तर मधला पुंजका पॅराफिनच्या ब्लॉकमध्येच राहतो. तिथे माझी नजर पोचत नाही आणि अल्गोरिदमचीही नाही. आमचा नवा रेसिडेंट अजून कांदा चिरल्यासारखा कापतो.

उद्या तीन सेंटिनल आहेत. नवं पातं काढून ठेवलंय, आणि रेसिडेंटच्या शेजारी मीच उभी राहणार आहे.