बारावा कॉलम

पुण्यातल्या एका सेल कल्चर लॅबमध्ये, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत, मी काम करते. बाहेरच्या कंपन्यांची सॅम्पलं तपासून देणं हे काही आमचं मुख्य काम नव्हे, पण रिएजंटचे, म्हणजे प्रयोगाला लागणाऱ्या रसायनांचे, भाव बघता लॅबप्रमुख मॅडम अधूनमधून असलं काम घेतात. गेल्या पावसाळ्यात असंच एक आलं. हळद आणि आवळ्याचा अर्क, कॅप्सूलमध्ये भरण्याआधीची भुकटी. सोबत गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक, त्यावर आधी कुठल्यातरी लॅबनं काढलेला आलेख: अर्क जितका जास्त, तितक्या जास्त पेशी जिवंत. कंपनीला तोच आलेख आमच्या लेटरहेडवर हवा होता. पद्धतसुद्धा तीच ठेवा, म्हणाले.

दाहानं (इन्फ्लमेशननं) होणाऱ्या इजेपासून अर्क पेशींना वाचवेल, ही कल्पना अगदीच हवेतली नव्हती. कर्करोगाच्या गाठीत रक्तातल्या पांढऱ्या पेशी सापडतात, म्हणजे जुनाट दाहाचा या रोगाशी काहीतरी संबंध असावा, हे जर्मन डॉक्टर फिरखो यांनी १८६३ सालीच मांडलं होतं. दाह सुरू असतो तिथे या पेशी हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी तिखट द्रव्यं सोडतात. जंतू मरतात, पण आजूबाजूच्या पेशींच्या डीएनएलाही इजा होते. वर्षानुवर्षं हेच चाललं तर धोका वाढतो. म्हणून प्रयोग असा: त्वचेच्या पेशी घ्यायच्या, पेरॉक्साइडनं त्यांना मार द्यायचा, मग अर्क घालायचा आणि बघायचं, किती वाचल्या.

हे ‘बघायचं’ एमटीटी नावाच्या पिवळ्या रंगानं. जिवंत पेशी आपल्या एन्झाइमनं त्याचा जांभळा फॉर्मझान बनवते, मेलेली बनवत नाही. जांभळा रंग गडद म्हणजे पेशी जास्त. १९८३ पासून जगभर चालत आलेली, स्वस्त, सोपी पद्धत. मात्र हा रंग पेशींनीच केलाय की आणखी कुणी, ते रंग मोजणाऱ्या मशीनला कळत नाही. म्हणून मॅडमनी प्लेटचा, म्हणजे छोट्या खळग्यांच्या (वेलच्या) बारा रांगा किंवा कॉलम असलेल्या तबकाचा, आराखडा काढताना कंपनीची पद्धत जशीच्या तशी ठेवली आणि बाराव्या कॉलमपुढे पेन्सिलीनं लिहिलं: ‘अर्क आहे, पेशी नाहीत’.

रीडिंगच्या दिवशी कंपनीचे गृहस्थ स्वतः आले. पन्नाशीचे, बोलायला मोकळे. येताना सगळ्यांसाठी बाकरवडी. लॅबमध्ये खाता येत नाही म्हटल्यावर त्यांनी पुडा बाहेर मामांच्या टेबलावर ठेवला, आणि तो तिथे अर्ध्या तासात संपला.

एमटीटी घालून प्लेट फॉइलमध्ये गुंडाळून इन्क्युबेटरमध्ये ठेवली होती. चार तासांनी काढली. फॉइल सोडताच ते माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागले. आणि खरंच, डावीकडून उजवीकडे जांभळा रंग वाढत गेलेला, अगदी त्यांच्या आलेखासारखा.

“बघा! आहे की नाही?”

मी प्लेट जरा तिरपी केली. बारावा कॉलमही जांभळा होता. नुसती छटा नव्हे. चांगला, वांग्याच्या सालीसारखा.

त्यांच्या ते लक्षात आलं नाही. त्यांचं बोट दहाव्या कॉलमवर होतं. “हे एवढे फिक्कट का?”

तिथे कॅम्प्टोथेसिन घातलं होतं. पेशी मारणारं औषध आम्ही मुद्दाम एका कॉलमला देतो. तिथे रंग उतरला तर चाचणी नीट चालली असं समजायचं. हेही झाडातूनच येतं, असं मी सांगितलं तेव्हा त्यांना बरं वाटलं. १९६६ मध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी अमेरिकेत एका चिनी झाडापासून ते वेगळं केलं. हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, शिक्षण मुंबईत. पुढे १९७१ मध्ये याच जोडीनं टॅक्सॉल या कर्करोगावरच्या औषधाची रचना जाहीर केली. कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही असतं, आणि त्यापायी नरक्याची चोरटी तोड इतकी झाली की काही डोंगरांवर तो शोधावा लागतो. पण नरक्याचा काढा कुणी रुग्णाला देत नाही. मूळ रेणू फार विषारी. त्यात फेरफार करून टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही कर्करोगाची औषधं झाली, तेव्हा कुठे ती माणसाच्या शिरेत गेली.

“म्हणजे झाडपाल्यात दम आहे, हे तुम्हीही मानता.”

“मानतो ना. सर, आता जरा हे बघा.”

मी प्लेट मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि त्यांना बसायला सांगितलं. आधी साधा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी काहीच न दिलेल्या पेशी. जिवंत पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या, आणि प्रत्येकीच्या अंगावर जांभळ्या सुयांचे झुबके. मग बारावा कॉलम. पेशी एकही नाही. तळावर सगळीकडे जांभळा चुरा, रांगोळी सांडल्यासारखा.

ते बराच वेळ आयपीसला डोळा लावून होते.

“इथं पेशी टाकल्याच नव्हत्या?”

“नाही.”

“मग रंग?”

आवळ्यातलं टॅनिन आणि क जीवनसत्त्व, मी सांगितलं. एमटीटी जांभळं व्हायला त्याला इलेक्ट्रॉन द्यायचे असतात, आणि ते काम ही द्रव्यं पेशीशिवायच करतात. अर्क जास्त, रंग जास्त. तुमच्या माहितीपत्रकावरचा आलेख तोच.

शंका राहू नये म्हणून सोबतची दुसरी प्लेटही केली होती. तिच्यात अर्क काढून पेशी दोनदा बफरनं (पेशींना सोसणाऱ्या खारट द्रावणानं) धुतल्या आणि मग एमटीटी घातलं. तिथे रंगाचा चढ गायब. शिवाय काही वेलमधल्या (खळग्यांतल्या) पेशी सोडवून ट्रायपॅन ब्लूमध्ये मिसळल्या आणि मोजणीच्या काचेवर घेतल्या. जिवंत पेशी हा निळा रंग आत घेत नाही, चकचकीत राहते. मेलेली निळी पडते. पेरॉक्साइड दिलेल्या वेलमध्ये, अर्क असो वा नसो, निळ्याचंच राज्य.

इथपर्यंत मला वाटत होतं, माणूस विक्रीच्या चिंतेनं गप्प आहे. मग ते म्हणाले, “आईची केमो चालू होती तेव्हा हेच देत होतो मी तिला. रोज.” आई कशा आहेत, हे मी विचारलं नाही. डॉक्टरांना सांगितलं होतं का, एवढंच विचारलं. नाही म्हणाले, हळद-आवळ्याचं काय सांगायचं. ओपीडीत याच गोष्टीवर डॉक्टर डोकं धरून बसतात. हळदीच्या मिरीयुक्त सप्लिमेंटनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि केमोच्या काळात यकृताला आधीच पुरेसं काम असतं.

मग हळदीचं काहीच नाही का, असं त्यांनी विचारलं. तसंही नाही. कर्क्युमिन प्लेटमध्ये दाहाची कितीतरी बटणं बंद करतं. पण सीरम (रक्तातला द्रव) नसलेल्या द्रावणात, ३७ अंशांवर, अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के कर्क्युमिन मोडतं. आणि रुग्णांना रोज ८ ग्रॅम देऊनही रक्तात ते नॅनोग्रॅमच्या हिशोबात सापडलं. आमटीत चिमूटभर घालतो ती चवीला आणि रंगाला. तिला कुणी नावं ठेवत नाही.

जाताना ते माणूस म्हणून निघाले, पण दोन दिवसांनी फोन केला तो कंपनी म्हणून. पहिल्या प्लेटचा तक्ता तेवढा पाठवा; धुतलेल्या प्लेटचं आणि बाराव्या कॉलमचं आम्ही मागितलंच नव्हतं, त्यामुळे त्याचे पैसेही लावू नका.

मॅडमनी जादाच्या प्लेटचे पैसे लगेच कमी केले. रिपोर्टमध्ये मात्र तिन्ही गोष्टी एकाच चौकटीत, एकाच पानावर घातल्या आणि सही व शिक्का नेमका मधल्या ओळींवर उठेल असा मारला, म्हणजे वरचं कापून घेतलं तर अर्धाच शिक्का जाईल.

उरलेल्या अर्ध्या बिलाचे पैसे अजून आलेले नाहीत.