दुबईत समुद्राकाठी फ्लॅट : सांगलीकरांसाठी निघण्याआधी थोडं

आमचा बेदाण्याचा व्यापार. माल आखातात जातो, त्यामुळं दुबई अनोळखी नव्हती. पण तिथं घर घ्यायचं म्हणून यंदा मार्चमध्ये आम्ही नवरा-बायको मुद्दाम गेलो. मिरजेहून महालक्ष्मीनं मुंबई, पुढं विमानाचे तीनेक तास. प्रवासाचं सांगण्यासारखं एवढंच. खरं काम निघण्याआधी सांगलीतच, आमच्या सीएंच्या ऑफिसात झालं होतं. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

भारतात राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरच बाहेर पाठवता येतात. दोघांचे मिळून 5,00,000. दिरहमचा दर डॉलरला 3.6725 असा बांधलेला आहे, म्हणजे झाले साधारण 18 लाख 36 हजार दिरहम. गोल्डन व्हिसाला, म्हणजे तिथं दहा वर्षं राहण्याच्या परवान्याला, किमान 20 लाख दिरहमची मालमत्ता लागते. एका वर्षाची मर्यादा तिथंच अपुरी पडते. म्हणून आम्ही मार्च निवडला: निम्मी रक्कम 31 मार्चच्या आत, उरलेली 1 एप्रिलनंतर नव्या वर्षाच्या मर्यादेत. दोघांचे पैसे एकत्र करायचे तर खरेदीत दोघांचीही नावं लागतात. आणि पाठवलेली रक्कम 180 दिवसांत गुंतवली नाही, तर परत आणावी लागते.

आता टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच कापला जाणारा आगाऊ कर. माणशी वर्षाला 10 लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के आधीच कापते. डॉलर 90 रुपये धरला तर पूर्ण मर्यादा वापरणाऱ्या एकाचे 43 लाख होतात. ते विवरणपत्रात वळते होतात, जास्तीचे परत मिळतात, पण तोवर अडकून राहतात. व्यापारी माणसानं ही रक्कम हंगामाच्या भांडवलातून काढू नये, असं मला कळकळीनं वाटतं. शिवाय अशा खरेदीसाठी पैसे पाठवायला इथली बँक कर्ज देत नाही.

पुण्यातल्या एका हॉटेलात दुबईच्या घरांचं प्रदर्शन होतं, तिथं आम्हाला ‘आत्ताच क्रेडिट कार्डवर टोकन भरा’ असा फार आग्रह झाला. आम्ही भरलं नाही. इसाराचा पहिला रुपयाही बँकेतून, फॉर्म ए-टू (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) भरूनच जायला हवा. ताब्यानंतर अनेक वर्षं चालणारे हप्ते ऐकायला गोड वाटतात, पण ती उधारी फेमात, म्हणजे आपल्या परकीय चलनाच्या कायद्यात, बसते का हे लेखी विचारून घ्या. आम्ही त्या वाटेला न जाता तयार फ्लॅट पाहिले. बांधकाम चालू असलेलं घेणार असाल, तर पैसे प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच (त्याच प्रकल्पासाठी राखलेल्या खात्यात) जातात ना आणि नोंदणी ‘उकूद’ या अपुऱ्या बांधकामांच्या सरकारी नोंदणीत होते ना, हे पाहा. ‘दुबई रेस्ट’ या तिथल्या सरकारी अ‍ॅपवर प्रकल्पही दिसतो, दलालाचा परवानाही.

परदेशी माणसाला फक्त ठरवून दिलेल्या फ्रीहोल्ड (पूर्ण मालकीच्या) भागांतच मालकी मिळते. मरिना आणि पाम जुमेराह त्यातलेच. दलाल संध्याकाळी नेतात, तेव्हा समुद्र सुंदरच दिसतो. आम्ही दुपारी पुन्हा गेलो. पश्चिमेच्या काचेतून येणारी धग अंगाला जाणवली आणि खारट वाऱ्यानं गंजलेल्या बाल्कनीच्या पट्ट्याही दिसल्या. समोरचा प्लॉट मोकळा असेल तर तिथं काय उठणार आहे, ते विचारा. आणखी एक प्रश्न आम्ही प्रत्येक इमारतीत विचारला: 16 एप्रिल 2024 च्या पावसात तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी होतं का? आयर्विन पुलाची पातळी बघत रात्री काढलेल्यांना हा प्रश्न सुचतोच. दलाल गप्प राहिले. वॉचमननं मात्र भिंतीवरची खूण दाखवली.

किमतीवर 4 टक्के लँड डिपार्टमेंटची (तिथल्या जमीन-नोंदणी खात्याची) फी, साधारण 2 टक्के दलाली आणि त्या दलालीवर 5 टक्के व्हॅट, हे वेगळं धरा. ‘फॉर्म एफ’ म्हणजे आपलं साठेखत. त्यावेळी सहसा 10 टक्के अनामत द्यावी लागते. नंतर बिल्डरची एनओसी, मग ट्रस्टीच्या, म्हणजे सरकारमान्य नोंदणीच्या, ऑफिसात टायटल डीड (मालकीपत्र). सर्व्हिस चार्ज चौरस फुटावर असतो आणि पोहण्याचा तलाव, बीच वगैरे असलेल्या इमारतीत तो चांगलाच बोचतो. थंड हवेचं बिल अनेक ठिकाणी वेगळं येतं. मागच्या वर्षांची बिलं मागून घ्या. विकणाऱ्याला खरंच विकायचं असेल तर तो देतो.

भाड्यावर तिथं आयकर नाही, पण आपण इथले रहिवासी, त्यामुळं इथं तो द्यावाच लागतो. विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, ‘शेड्यूल एफए’मध्ये, फ्लॅट दाखवला नाही, तर काळ्या पैशाच्या 2015 च्या कायद्यानं 10 लाखांचा दंड होऊ शकतो. सहीसाठी पुन्हा जाणं जमणार नसेल तर मुखत्यारपत्राला वेळ ठेवा. सांगलीतली नोटरी पुरत नाही. ते राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि यूएईच्या वकिलातीतून साक्षांकित करून आणावं लागतं. आमचं ते काम सध्या चालू आहे. तिथल्या मालमत्तेचं वेगळं मृत्युपत्रही मुखत्यारपत्र करणाऱ्या वकिलांकडूनच करून घेतोय, कारण मुलं इथंच शिकतायत.