ताऱ्याचा रंग मोजतात कसा ते बघायला वेधशाळेत

वेधशाळेच्या रस्त्यावर रात्री शेवटचा टप्पा हेडलाइट बंद करून जावं लागतं, नाहीतर दुर्बिणीवर चाललेला कुणाचा तरी फोटो (एक्स्पोजर) वाया जातो, म्हणून आम्ही उजेडातच वर पोचलो आणि ते बरंच झालं, कारण फिल्टर व्हील, म्हणजे कॅमेऱ्यापुढे रंगीत काचा फिरवणारं चाक, उघडं बघायला मिळालं. छोटे छोटे काचेचे चौकोन. यू, बी, व्ही ही त्यांची नावं, प्रत्येकातून प्रकाशाचा एकेक पट्टाच जातो. यू डोळ्याला जवळजवळ काळाच दिसतो, बी निळा, व्ही हिरवट पिवळा. ही यूबीव्ही पद्धत जॉन्सन आणि मॉर्गन यांनी १९५३ साली मांडली, यू साधारण ३६५ नॅनोमीटर, बी ४४०, व्ही ५५०.

सूर्य मावळला की फ्लॅट, म्हणजे कॅमेऱ्यातला असमानपणा काढायला घेतलेले संधिप्रकाशातल्या आकाशाचे फोटो, घ्यायची धावपळ. आधी यू, कारण त्या रंगात कॅमेऱ्याला सगळ्यात जास्त उजेड लागतो आणि आकाश तर भराभर काळं पडत असतं.

मग अंधार झाल्यावर हव्या त्या ताऱ्याकडे न जाता दुर्बीण आधी वळते स्टँडर्ड ताऱ्यांकडे, म्हणजे ज्यांची प्रत आधीच नीट मोजलेली आहे अशा, खगोलशास्त्रज्ञ लँडोल्टच्या यादीतले, बरेचसे खगोलीय विषुववृत्ताजवळचे, म्हणजे दोन्ही गोलार्धांतून दिसणारे. तेच तारे वर असताना घ्यायचे आणि खाली उतरल्यावर परत घ्यायचे, कारण डोक्यापासून ६० अंश खाली गेलं की मधली हवा दुप्पट होते आणि ती निळा प्रकाश जास्त खाते. स्क्रीनवर बीचा आकडा व्हीपेक्षा भराभर पडताना बघितला आणि मला तर रात्रीतला हाच भाग सगळ्यात भारी वाटला, हवा मोजली जात होती राव!

रंग म्हणजे बीमधली प्रत (तेजस्वितेचा आकडा, तारा जितका मंद तितका मोठा) वजा व्हीमधली प्रत, बस. अभिजित ताऱ्याला जवळपास शून्य, राजन्यला (रायजेल) उणे ०.०३, तांबड्या काक्षीला (बेटेलगूज) साधारण १.८५, म्हणजे अभिजितच्या तुलनेत काक्षीचा निळा प्रकाश व्हीच्या मानाने साडेपाच पट कमी.

यूचं प्रकरण मात्र अवघड आहे. मूळ पद्धतीत त्याची जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) बाजूची कड काचेने नाही तर वातावरणानेच कापलेली होती, त्यामुळे डोंगराची उंची बदलली की फिल्टरच थोडा बदलल्यासारखं होतं, आणि मला वाटतं यूचे जुने आकडे वापरताना ते कुठून घेतलेत हे आधी बघायलाच हवं. तुम्ही जाणार असाल तर अमावस्येच्या आसपासची तारीख मागा, चांदण्याचा त्रास यू आणि बीलाच सगळ्यात जास्त होतो.