तुम्ही विचारलंत म्हणून : दगडानंतरची डाक

२०२५च्या ऑगस्टअखेर मनोज जरांगे मराठा आरक्षणासाठी आझाद मैदानावर उपोषणाला बसले होते. सीएसएमटीच्या आसपास ट्रक-टेम्पोंच्या रांगा लागल्या होत्या आणि इकडे मुलुंडला आमच्या सोसायटीच्या गणपतीची आरती नुकतीच आटोपली होती. हातावर खिरापत ठेवता ठेवता सेक्रेटरींनी विचारलं, "ताई, तुम्ही पेपरात पत्रांचं पान बघायचात ना? उद्या तिथे दगडफेक झाली तर लोक कोणाच्या बाजूने जातील?"

दगड काही पडला नाही. पाच दिवसांनी मंडळी गुलाल उधळत गावी गेली. प्रश्न मात्र मला नवा नव्हता. बावीस वर्षं मी एका मराठी दैनिकात होते, त्यातली बहुतेक वाचकांच्या पत्रव्यवहाराच्या टेबलावर गेली. त्यामुळे शहरात कुठे काही पेटलं की ओळखीतलं कोणी ना कोणी हेच विचारतं. माझं ठरलेलं उत्तर आहे : ज्याची गाडी चुकली तो विरोधात, ज्याची वेळेवर आली त्याला सहानुभूती. लोक हसतात आणि विषय संपतो. त्या दिवशी सेक्रेटरी हसले नाहीत, "खरं सांगा ना" म्हणाले. तेव्हा आत्याबाईंचा नैवेद्य खोळंबला होता म्हणून राहिलं. आता सांगते.

आधी २० मार्च २०१८ची सकाळ. मी परळच्या एका हॉस्पिटलात आईचे रिपोर्ट आणायला निघाले होते. सातच्या सुमारास पकडलेली गाडी कुर्ला सोडून शीवच्या अलीकडे उभी राहिली. पहिली दहा मिनिटं लेडीज डब्यात कोणी मान वर केली नाही. मध्य रेल्वेला दहा मिनिटं म्हणजे काहीच नाही. मग कोणाच्या तरी फोनवर आलं : माटुंगा-दादरच्या मध्ये पोरं रुळावर बसलीत, रेल्वेची अप्रेंटिस पोरं. रेल्वेनेच शिकवून तयार केलेल्या या मुलांना भरतीत वीस टक्के जागा होत्या. ती अट काढा आणि आम्हाला थेट नोकरीत घ्या, अशी त्यांची मागणी होती. हे मला ऑफिसात गेल्यावर नीट कळलं. डब्यात मागणीबद्दल कोणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. मी घड्याळ बघून पहिली शिवी मनातल्या मनात घातली, ती बरीच इरसाल होती.

बाकीच्यांनी मोठ्याने घातल्या. यांना नोकऱ्या पाहिजेत, आमच्या गेल्या तरी चालतील. आज तिसरा लेट मार्क, अर्धा दिवस कापणार. पोलीस काय झोपलेत का, दोन रट्टे दिले की उठतील. डब्याचं एकमत झालं होतं.

खिडकीजवळ पन्नाशीच्या एक बाई होत्या. मांडीवर डब्याची पिशवी, त्यावर फोन. त्या हळूच म्हणाल्या, "माझा मुलगा पण अप्रेंटिस आहे, परळ वर्कशॉपला."

समोरचीने विचारलं, "तो गेला नाहीये ना तिकडे?"

"फोन उचलत नाहीये."

डबा एकदम गप्प झाला. मघाशी रट्ट्यांची भाषा करणारीनेच पाण्याची बाटली पुढे केली. कोणी म्हणालं, पोरांचं तरी काय चुकतं, शिकून घरी बसायचं का. कोणी आपल्या भाच्याची गोष्ट काढली. पाच मिनिटांत अख्खा डबा रुळावरच्या पोरांच्या बाजूला येऊन बसला. मग पुन्हा फोन वाजले : दगडफेक झाली, लाठीमार झाला. डब्यात परत कुजबुज. आणि पाण्याची बाटली देणारीच म्हणाली, दगड मारले तर मार खाणारच ना. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "बरोबर आहे." आणि पुन्हा तोच नंबर फिरवू लागल्या.

शेवटी आम्ही उतरून रुळांमधून चालत शीवला गेलो. माझ्यासमोर त्यांचा फोन लागला नाही. पुढचं मला माहीत नाही.

जिला 'लोकांची प्रतिक्रिया' म्हणतात ती मी त्या डब्यात तासाभरात तीनदा बदलताना पाहिली, आणि तिन्ही वेळा ती मनापासून होती. कोणी ढोंग करत नव्हतं. साडेदहाच्या सुमाराला अधिकाऱ्यांच्या आश्वासनानंतर रूळ मोकळे झाले. दुसऱ्या दिवशीच्या पत्रांत मात्र फक्त पहिली प्रतिक्रिया होती. वेठीला धरलं, सामान्य माणसाने काय घोडं मारलंय, नुकसान वसूल करा. हे शेवटचं वाक्य तर प्रत्येक आंदोलनानंतर येतं, जणू पत्राच्या कागदावर छापूनच मिळतं. वसुली झालीच नाही असंही नाही. जुलै २००३च्या मुंबई बंदबद्दल उच्च न्यायालयाने शिवसेना आणि भाजपला वीस-वीस लाखांचा दंड लावला होता. तेव्हा आनंदाची पत्रं आली आणि न्यायालय राजकारण करतंय अशीही आली. दोन्हींचं अक्षर सुरेख होतं.

त्या रुळावरच्या सकाळच्या आठच दिवस आधी, १२ मार्च २०१८ला, नाशिकहून चालत आलेले शेतकरी मुंबईत होते. दहावीच्या परीक्षा चालू होत्या. पोरांना पेपराला जायला अडचण नको म्हणून ही माणसं सोमय्या मैदानावरून रात्रीच निघाली आणि उजाडायच्या आत आझाद मैदानात पोचली. तळपायांची सालं निघालेली. मुंबईने त्यांना पाणी दिलं, बिस्किटं दिली, चपला दिल्या. त्या आठवड्याची डाक मी जपून ठेवायला हवी होती, इतकं प्रेम मी त्या टेबलावर एरवी पाहिलं नाही. पण पत्रं लावायला बसले तेव्हा एक गोष्ट टोचली. बहुतेकांनी त्यांनी आपल्याला त्रास दिला नाही यावरच लिहिलं होतं. वनजमिनी नावावर करा, ही त्यांची मुख्य मागणी. 'वनहक्क' हा शब्द असलेली पत्रं बाजूला काढली, ती एका टाचणीत मावली. म्हणजे रात्री चाललात तर पायाचे फोड दिसतात, रुळावर बसलात तर दगड दिसतात. मागणी वाचायची राहूनच जाते. आणि खरं सांगायचं, पेपरातही ती बातमीच्या सातव्या परिच्छेदात असते. बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीला जागा कमी पडली की पहिली कात्री तिथेच लागते. ही कात्री मीसुद्धा चालवलीय.

'हिंसक वळण' हे आमचंच बाळ. "आंदोलनाला हिंसक वळण" या मथळ्यात वळण कोणी दिलं ते सांगावं लागत नाही, आपोआप लागल्यासारखं वाटतं, घाटात लागतं तसं. आपल्या ओळखीचे लोक असले की 'उद्रेक', ओळखीचे नसले की 'धुडगूस'. 'समाजकंटक घुसले' हे संघटनेचं पत्रक, 'जमावाला पांगवण्यासाठी' हे पोलिसांचं. डेस्कवर कोणी बसून हे ठरवत नाही. हात बसलेला असतो.

११ ऑगस्ट २०१२. शनिवार, रमजानचे दिवस. आसाम आणि म्यानमारमधल्या हिंसाचाराच्या निषेधाची सभा आझाद मैदानावर होती. तिथून सुरू झालेल्या हिंसाचारात दोघं मेले, पन्नासहून जास्त जखमी झाले आणि त्यात पोलीसच खूप होते. महिला पोलिसांवर हात टाकला गेला. वाहिन्यांच्या गाड्या जाळल्या. आणि सीएसटीसमोरच्या अमर जवान स्मारकावर लाथा घालणाऱ्यांचा तो फोटो आला. त्या फोटोवरच पत्रांचे दोन ढीग झाले. मेलेल्या दोघांवर आलेली पत्रं मला आठवत नाहीत. बहुधा नव्हतीच.

पोलीस आयुक्त अरूप पटनायक यांच्यावरची पत्रं तर अभ्यास करण्यासारखी होती. पहिले दोन-तीन दिवस कौतुक : गोळीबार आवरला म्हणून शहर वाचलं. पुढच्या आठवड्यात तोच संयम नेभळटपणा झाला. २१ तारखेला राज ठाकरे यांचा मोर्चा गिरगाव चौपाटीहून आझाद मैदानावर गेला, २३ला पटनायक यांची बदली झाली. काही वाचकांनी दोन्ही मतांची पत्रं पाठवली होती, मधे फक्त दहा दिवस. मला त्यात विशेष दोष दिसत नाही. आपण रागावतो तेव्हा कालचं पत्र आठवून रागावत नाही.

त्या ढिगात एक पोस्टकार्ड होतं. कुर्ल्याचं. लिहिणारे मूळ रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. अक्षर फळ्यावरचं असावं तसं, वेलांट्या पूर्ण फिरवलेल्या. त्यांनी लिहिलं होतं की स्मारकाचा फोटो पाहून दोन दिवस जेवण गेलं नाही, जे झालं त्याची लाज वाटते. शनिवारी आपण घरात रोज्याला होतो, मैदानात कोण होतं ते आपल्याला ठाऊक नाही, तरी इमारतीतले लोक आपल्याकडे उत्तर असल्यासारखे बघतात. आणि खाली, अगदी कडेला, बारीक अक्षरात : नाव छापू नये. का ते विचारू नये.

आमच्याकडे नियम होता, निनावी पत्र छापायचं नाही. चांगला नियम, नाहीतर कोणीही काहीही लिहील. मी वरिष्ठांना विचारलं, ते म्हणाले नियम तुम्हीच सांगता ना सगळ्यांना. मी गप्प बसले. 'नाव-पत्ता संपादकांकडे आहे' अशी ओळ टाकून छापता आलं असतं, पूर्वी एका बँकेच्या तक्रारीबाबत आम्ही तसं केलं होतं. मला ते आठवलं तोवर तो आठवडा गेला होता. त्या दिवशी त्या जागेवर मी काय लावलं तेही सांगते : मुस्लिम समाजातले सुज्ञ लोक आता गप्प का, असं विचारणारं पत्र.

१९९७ मला फार सांगता येणार नाही, मी तेव्हा नवी होते आणि पत्रांवर फक्त तारखेचे शिक्के मारायचे. ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सापडला. लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. जमावाचा रस्त्यावरचा गॅसचा टँकर पेटवण्याचा बेत होता, असं पोलिसांनी सांगितलं. डाकेत पहिल्या दिवसापासून टँकर आणि पूर्व द्रुतगती मार्गावरची कोंडी. मुलुंडला राहणारी म्हणून ती कोंडी मलाही माहीत होती. वस्ती फक्त बसच्या खिडकीतून माहीत होती. पुढे गुंडेवार आयोगाने गोळीबार समर्थनीय नव्हता असं म्हटलं आणि २००९मध्ये सत्र न्यायालयाने संबंधित पोलीस अधिकाऱ्याला दोषी ठरवलं. मधे बारा वर्षं गेली होती. तोपर्यंत टँकरवाल्या पत्रलेखकांना टँकर आठवत होता का, कोण जाणे. निकालावर आलेली पत्रं मोजायला एक हात पुरला असता.

आता गिरगावचे आजोबा.

हे आमचे नेहमीचे पत्रलेखक. दरवर्षी १ मे आणि २१ नोव्हेंबरच्या आधी आठवडाभर त्यांचं पाकीट यायचं, आठवणींचं. २१ नोव्हेंबर १९५५ला, संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी फ्लोरा फाउंटनला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, पंधरा जण गेले. पुढे आकडा १०५ वर गेला आणि चौकाचं नाव हुतात्मा चौक झालं. आजोबा तेव्हा विशीत होते आणि फाउंटनला होते. गोळी कानाजवळून गेल्याचं ते दरवर्षी लिहीत. दगडांचंही लिहीत, लपवत नसत. कोणत्या गल्लीतून खिसे भरून आणले तेही. ती पत्रं आम्ही चौकटीत छापायचो. फोन यायचे, लोक गहिवरायचे.

जुलै २०१८मध्ये मराठा आरक्षणासाठी मुंबई बंद झाला. २५ तारीख. कळंबोलीला, कोपरखैरण्याला जाळपोळ, दगडफेक. दुपारी बंद मागे घेतला. तिसऱ्या दिवशी आजोबांचं पाकीट आलं. एसटी आणि बेस्टच्या काचा फोडणाऱ्यांना जागच्या जागी गोळ्या घाला, असं शेवटचं वाक्य. वय तेव्हा त्र्याऐंशी.

तसं वाक्य छापता येत नाही, म्हणून मी फोन केला. आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, "आजोबा, तुम्ही पंचावन्नला फाउंटनला होतात ना?"

"होतो की."

"मग?"

पलीकडे बराच वेळ फक्त रेडिओ ऐकू येत होता. मग म्हणाले, "आमचं वेगळं होतं गं. तेव्हासुद्धा लोक शिव्या घालत होते हो, नाही असं नाही. आमच्याच चाळीत एक जण दोन महिने माझ्याशी बोलला नाही. त्याचा पगार कापला गेला होता."

मी काही बोलले नाही. आपल्याला त्यांना खिंडीत गाठायचं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होते, पण थोडं होतंच.

"बरं, एक काम कर," ते म्हणाले. "गोळ्या काढ."

"हो."

"लाठ्या टाक."

मी 'गोळ्या' खोडून 'लाठ्या' लिहिलं. पत्र दुसऱ्या दिवशी आत, तिसऱ्या कॉलमात, तळाला लागलं.